एक राहिलेली नमाज

उम्म सईदकडून आज यंदाचा पहिला रुतब आला. ही आमची अरबी शेजारीण. तिच्या मुलाच्या बागेत झाडाचा पहिला घड उतरला की थाळीभर खजूर आमच्याकडे येतो. थाळी हातात देऊन ती निघून जात नाही, दारातच उभी राहून एक तरी खायला लावते. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी असा तो अर्धवट पिकलेला खजूर. पिवळी बाजू दाताखाली करकरते, तपकिरी बाजू जिभेवर विरघळते. "कुली, हबीबती, कुली! अच्छा है, मीठा है," ती म्हणाली. मी खाल्ला, शुक्रन म्हटलं, दार लावलं आणि थाळी ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिले. अमिरातीतल्या या साऱ्या खोर फक्कानला या मोसमाचं कोण कौतुक. मला मात्र दोन वर्षांपासून या थाळीची धास्तीच बसली आहे.

त्यात काल स्कॉटलंडहून निरोप आला. जीन फुफी गेली. माझ्या वडिलांची सावत्र बहीण, जिला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, जिचा हात हातात घेतला नाही, आणि जिच्यावर एका उन्हाळ्यात मी मनापासून संतापले होते. काल संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. तिच्यासाठी मी काय करायचं?

इथल्या उन्हाळ्यात उन्हापेक्षा घामच जास्त. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. खिडक्यांच्या काचा बाहेरून पाझरतात, मागचे डोंगर दिवसाढवळ्या नाहीसे होतात, समुद्र तर आंघोळीच्या पाण्याइतका कोमट. कावळे चोची उघड्या टाकून बाल्कनीच्या सावलीला येऊन बसतात. हे कावळेही आपल्याकडचेच, जहाजांवर बसून इकडे आले आणि राहिले, असं अब्बा सांगायचे. "आपल्यासारखेच. फक्त त्यांना व्हिसा लागला नाही." एसीचं ठिबकणारं पाणी ते बादलीत धरायचे आणि आपल्या कढीपत्त्याला घालायचे. रुतब तोंडात टाकून म्हणायचे, "हापूसची सर नाही याला. पण जिथं जावं तिथलं गोड, गोड मानावं."

अब्बा तरुणपणी लाँचमधून इथं आले आणि जन्मभर बंदरात कंटेनर बांधायचं काम करत राहिले. निवृत्तीनंतर ते गावी परतले होते, पण अम्मी गेल्यावर रत्नागिरीचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, जिना चढवत नव्हता. काचेच्या दाराजवळ खुर्ची टाकून ते बंदराकडे बघत बसायचे आणि कुठलं जहाज किती खोल बुडालंय त्यावरून त्यात माल किती ते सांगायचे. माझे मिस्टर रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात, आठवड्याला एकदा घरी येणार. मुलगी सना तिच्या लॅपटॉपमध्ये. म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. आणि तेव्हाच एके दुपारी अब्बा म्हणाले, "माझ्यावर एक नमाज बाकी आहे. ती न पढताच जाईन असं वाटतं."

कुठली नमाज ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात ती सगळ्यांना ठाऊक होती.

आम्ही कोकणी मुसलमान, शाफई मताचे. आमच्या खाडीकाठच्या गावातले पुरुष जहाजावर जायचे आणि त्यातले कितीतरी परक्या मुलखात किंवा भर समुद्रात मरायचे. गावी मय्यत कधी यायची नाही, यायची ती खबर. खबर पक्की असली की जुम्म्याच्या दिवशी सगळे मिळून दूरच्या मय्यतीची नमाज पढायचे. पुढ्यात जनाजा नाही, नुसती झाडलेली जमीन. त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून माणसं आपल्या माणसाला निरोप द्यायची. घरची बाई मग इद्दतीला, विधवेच्या सुतकाला, बसायची, बांगड्या उतरवायची आणि मोकळेपणी रडायची. आमच्या दादीला यातलं काहीच मिळालं नाही.

दादा, म्हणजे अब्बांचे वडील, आगवाला होते. कोळशाच्या जहाजाच्या पोटात भट्टीसमोर उभं राहून फावड्यानं कोळसा मारायचा, ते काम आगवाल्याचं. डाव्या हाताची दोन बोटं भट्टीच्या दारात सापडून अर्धी गेली होती. अब्बांना बाप आठवायचा तो विहिरीवर. सफरीहून आला की आधी आंघोळ. उजव्या हातापासून सुरुवात करून तीन तीनदा साबण लावायचा, घासून घासून कातडी लाल करायचा. "कोळसा आतपर्यंत जातो रे, पोरा," असं पोराला सांगायचा. आणि घरात चूल पेटलेली असली की अंगणातच बसून राहायचा. रजेवर आल्यावर तरी विस्तव बघायचा नाही, असं त्यांचं होतं.

अब्बा सात-आठ वर्षांचे असताना दादा गेले ते परतले नाहीत. पुढे कुणी खलाशी सांगत आला की तो ग्रीनॉक नावाच्या गावी आहे, एका मडमेबरोबर राहतो. गाव हसलं, मग विसरलं. दादी विसरली नाही आणि बोललीही नाही. वर्षं गेली, लोक म्हणू लागले की आता मेलाच असेल, पढून टाका नमाज. दादी म्हणायची, "जिवंत माणसाचा जनाजा पढू? ज्यानं त्याला मेलेला पाहिला, न्हाऊ घातला, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही." ती गेली तेव्हाही तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. जाताना तिनं ती अट अब्बांच्या गळ्यात बांधली. आता या वयात दादा जिवंत असणं शक्य नव्हतं हे अब्बांना कळत होतं, पण आईच्या अटीपुढे हिशेब चालत नाही.

सनानं शोध घेतला. तिकडे दादा कुठलं नाव लावत ते ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही तिला फक्त दोन गोष्टी देऊ शकलो, गावाचं नाव आणि अर्धी बोटं. तिनं ग्रीनॉकच्या जुन्या रहिवाशांचा कुठलासा ग्रुप शोधला आणि तिथं विचारलं की डाव्या हाताची दोन बोटं अर्धी असलेला इंडियन आगवाला कुणाला आठवतो का. मी म्हटलं, असं कुठं कुणी सापडतं का! आठवडाभरात उत्तर आलं. "ते माझे डॅड."

पहिल्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी अब्बा दुपारीच न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून बसले होते. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी आली आणि ओठ घट्ट मिटून बघत राहिली. अब्बाही बोलायच्या आधी अगदी तस्सेच ओठ मिटायचे. दोघंही तशीच बसून राहिली, कुणी बोलेना. शेवटी सनाच म्हणाली, "समबडी से समथिंग, प्लीज!" मग दोघंही एकदमच बोलायला लागली.

जीन इंग्रजीच बोलायची, तेही चटकन न समजणारं; माझ्या आठवणीत मात्र ती मराठीच बोलते. तिनं सांगितलं की वडील दर शुक्रवारी स्वतः स्वयंपाक करायचे, मासे आणायचे आणि त्यांना 'बांगडा' म्हणायचे. शाळेत जाईपर्यंत तिलाही त्या माशाचं दुसरं नाव माहीत नव्हतं. अब्बा एवढे हसले की मला पाण्याचा ग्लास आणावा लागला. "तिला जीन-बिन म्हणायचं नाही, फुफी म्हणायचं," त्यांनी मला बजावलं. त्या दोन आठवड्यांत त्यांचे पाय सुजले नाहीत की मला ते दिसले नाहीत, कोण जाणे. रुतबची थाळी त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली होती. जणू बहीण पडद्यातून हात घालून एक उचलणार होती.

मुख्य प्रश्न मात्र ते विचारत नव्हते. मी खूण केली की मान हलवायचे. "पाहुणी आली रे आली की मय्यतीचं विचारतात का?" असे तीन-चार कॉल गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बंदरात शिकलेल्या इंग्रजीत विचारलं, "सिस्टर, माय फादर, व्हेन ही डाय, व्हॉट यू डू?"

फुफीचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ती वाटच पाहत होती. "सगळं तुमच्या पद्धतीनं केलं," ती म्हणाली. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. दादा छातीच्या दुखण्यानं घरीच गेले. मग ती लायब्ररीत गेली, इंडियावरचं एक पुस्तक काढलं आणि त्यातली चित्रं पाहिली. नदी, चिता, पिवळी फुलं. चर्चची माणसं चांगली होती, दफन करा म्हणत होती, आपल्या दफनभूमीत जागा द्यायलाही तयार होती. पण तिची आई ॲग्नेस अडून बसली. माझा नवरा इंडियन होता, त्याला त्याच्या रिवाजानंच निरोप मिळेल. भांडून त्यांनी त्याला दहन दिलं. राखेचा डबा मांडीवर घेऊन दोघी फेरीबोटीत बसल्या आणि जिथून त्याची जहाजं सुटायची तिथं, क्लाइड नदीच्या मुखाशी, राख सोडली. कडाक्याची थंडी होती, पिवळी फुलं मिळेनात, ती लांबच्या गावाहून आणली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अभिमानाचं काम होतं.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थँक यू, सिस्टर. यू डिड व्हेरी गुड." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी फोन बंद केला. मग अब्बा म्हणाले, "जाळलं गं त्याला." पुन्हा म्हणाले, "जन्मभर आगीसमोर उभा राहिला. सुटका होईल म्हणून मेला, तर पुन्हा आगीतच घातला." आमच्याकडे आगीचं भय लहानपणापासून मनात रुजवलेलं असतं. आग म्हणजे दोजख, नरक. माती म्हणजे आराम. मला तोंडाला येईल ते बोलावंसं वाटत होतं. चर्चवाले दफन करायला तयार होते! दोन शहाण्या बायका मध्ये पडल्या नसत्या तर!

त्या दिवसानंतर अब्बांचं जेवण गेलं. ते स्वयंपाकघराच्या दारातून आत यायचे नाहीत, गॅसच्या निळ्या ज्वाळेकडे बघायचे नाहीत. मी चहा करून दार लावूनच बाहेर आणायची. फुफीचे निरोप येत होते, ब्रदर कसा आहे, पुन्हा कधी बोलायचं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. सना माझ्यावर चिडली. "मॉम, शी डिड इट आउट ऑफ लव्ह!"

"प्रेमानं जाळतात का माणसाला? वीस वर्षं नवरा घरात नमाज पढत असेल, तो कोण आहे एवढं कळू नये?"

"हू टोल्ड हर? ही नेव्हर टोल्ड देम एनीथिंग! ही नेव्हर टोल्ड एनीवन एनीथिंग!"

पोरगी इंग्रजीत बोलली तरी वर्मावर बोट ठेवून बोलली. खरं होतं ते. दादांनी एका घरापासून दुसरं घर लपवलं आणि दुसऱ्यापासून पहिलं. दादीला कळलं नाही की तो मेला, ॲग्नेसला कळलं नाही की तो कोण होता. दोन्ही घरी त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बायका होत्या आणि दोघींनाही त्यानं अंधारात ठेवलं. आपल्या मरणाचं काय करायचं, एवढं एक वाक्य तो सांगू शकला नाही. मला त्या दिवसापासून त्या न पाहिलेल्या आजोबांचा राग आहे. तो अजून गेलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या मशिदीचे इमाम पेशावरकडचे, हनफी मताचे, भले माणूस. अब्बांची तब्येत विचारायला आले तेव्हा अब्बांनी त्यांना सगळं सांगितलं. इमामसाहेबांना वाईट वाटलं. म्हणाले, "अल्लाह सब जानता है, हाजी साहब, आप दुआ कीजिए. लेकिन हमारे यहाँ दूर की मय्यत की नमाज नहीं होती."

"आपके यहाँ समंदर भी तो नहीं है," अब्बा म्हणाले.

इमामसाहेब हसले. कित्येक दिवसांनी अब्बाही किंचित हसले. ते गेल्यावर मला म्हणाले, "फोन लाव जीनला. एक विचारायचं राहिलं. आईनं न्हाऊ घालणाऱ्याच्या तोंडून ऐक म्हटलं होतं. जाळलं हे कळलं. न्हाऊ घातलं का? कुणी?"

मला तो प्रश्न विचारू द्यायचा नव्हता. दवाखान्यातल्या कुणा नर्सनं पुसून काढलं असेल, नाहीतर तेही नाही. म्हणजे उरलीसुरली आशाही जायची. पण अब्बांनी हात पुढे केला होता. मी फोन लावला.

अब्बांनी विचारलं. काहीतरी चुकलंय हे फुफीला आमच्या अबोल्यावरून कळलं असावं. मग तिनं सांगितलं. प्रेत न्यायला माणसं आली होती, पण आईनं त्यांना जिन्यावरच थांबवलं. तो कामावरून आल्यावर नेहमी न्हायचा, म्हणाली, मळका जाणार नाही. किटलीवर किटली पाणी तापवलं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर चादर अंथरून तिनं त्याला न्हाऊ घातलं. उजव्या हातापासून, कारण तो उजव्यापासून सुरुवात करायचा. हात, तोंड, डोकं, पाय, त्याच्या क्रमानं. प्रत्येक अंग तीनदा. नमाजेआधीच्या वजूचा हा क्रम आहे, हे तिला माहीत नव्हतं. रोज बघून पाठ झालं होतं एवढंच. "मी बादली धरून उभी होते," फुफी म्हणाली. "तीनदा कशाला, असं मी विचारलं. आई म्हणाली, त्याला विचार."

अब्बांनी डोळे मिटले. मग ते कोकणीत, फुफीला एक अक्षर कळणार नाही हे ठाऊक असून, तिला खूप काही सांगत राहिले. ती ऐकत राहिली.

त्याच शुक्रवारी मिस्टर आल्यावर आम्ही दिवाणखान्यातलं टेबल सरकवलं. असरच्या, दुपार कलतीच्या नमाजेनंतरची वेळ, बाहेर बंदराच्या क्रेन धुरकट उन्हात उभ्या होत्या. या नमाजेत वाकायचा रुकू नाही, माथा टेकायचा सजदा नाही, नुसतं उभं राहायचं. आणि अब्बांना तेच जमत नव्हतं. खुर्चीच्या पाठीला एक हात धरून ते उभे राहिले. मागे आम्ही तिघं. पुढ्यात झाडलेली फरशी. 'अल्लाहु अकबर'च्या चार तकबिरी झाल्या, सलाम फिरवला, संपलं. एवढ्याशा नमाजेसाठी दादी जन्मभर बांगड्या घालून बसली होती. मला हुंदका आवरेना. अब्बा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता आईला तोंड दाखवीन."

त्यांना शांती मिळाली असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. नमाज झाली, आग गेली नाही. शेवटच्या दिवसांत गुंगीत ते कुणाला तरी भट्टीचं दार लावायला सांगायचे. रुतब संपता संपता, झाडांवर सुकलेला खजूर उरला तेव्हा, ते गेले. त्यांना इथंच, डोंगराच्या पायथ्याच्या कब्रस्तानात ठेवलं. फुफीला मी स्वतः कळवलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "या वेळी मला सगळं नीट सांग. कसं करतात, का करतात." मी सांगत गेले. कापूर, कापडाचे तुकडे, उजव्या कुशीवर ठेवणं, मूठ मूठ माती. ती रडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी डॅडशी फार वाईट वागले ना?" मी नाही म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं की तिच्या वयाकडे बघून, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती मला ग्रीनॉकच्या बाजारातल्या बांगडा मासळीचे फोटो पाठवत राहिली.

काल तिच्या मुलाचा सनाला निरोप आला. 'मम' गेली. तिच्या इच्छेप्रमाणे दहन करणार, आणि राख तिच्या वडिलांची सोडली होती तिथंच, बोटीतून. निरोप वाचून मी पहिल्यांदा चरकले आणि मग मला कळलं की तिला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. बापाला तिथं एकटं सोडलं होतं तिनं.

तिच्यासाठी माझ्याकडे नमाज नाही. ती आमच्यातली नव्हती, जनाजा पढता येत नाही. समुद्रात मेलेल्या, हरवलेल्या, कधी न परतलेल्या सगळ्यांसाठी आमच्या गावानं वाट काढून ठेवली होती, जीन फुफीसाठी नाही.

आज दुपारी मी मल्याळी दुकानात गेले आणि झेंडूची पिवळी फुलं मागितली. जन्मात कधी घेतली नव्हती. दुकानदार माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघत राहिला, पण त्यानं पुडी बांधून दिली. उन्हं कलल्यावर मी चौपाटीवर गेले. सना बरोबर होती. घोटाभर पाण्यात उतरून मी हात धुतले, उजव्यापासून, तीनदा, आणि फुलं पाण्यावर सोडली. उम्म सईदच्या थाळीतले थोडे रुतबही सोडले. फुलं तरंगली, खजूर बुडाले.

किनाऱ्यावरचा गार्ड धावत आला. "मॅडम, ये क्या कर रहे? पूजा है क्या? आप लोग में होता है?"

"आमच्यात नाही," मी म्हटलं. "तिच्यातही नाही. तिला वाटलं होतं की असंच करतात."

त्याला काही समजलं नाही. सनानं माझा ओला हात धरला आणि आम्ही फुलं दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिलो.